दोन फाळी हायड्रोलिक पलटी नांगर: दोन हंगाम वापरल्यावर काय कळलं

आधीच सांगून टाकतो, नांगर कुठल्या कंपनीचा ते लिहिणार नाही. एक तर जाहिरात वाटते, दुसरं म्हणजे ह्या साइजचे नांगर कितीतरी कारखाने बनवतात आणि रंग सोडला तर बरेचसे एकाच साच्यातून काढल्यासारखे असतात. आणि मला जे सांगायचंय ते नांगराच्या रंगाबद्दल नाहीच, तो किती खोल घालायचा आणि कुठल्या गिअरला ओढायचा ह्याबद्दल आहे, कारण माझे पहिल्या वर्षी जे पैसे गेले ते तिथंच गेले.

वावर परभणी जिल्ह्यात, सेलूकडे. जमीन भारी काळी, बहुतेक ठिकाणी चार-पाच फूट काळीच, पण चढाच्या बाजूला एक पट्टा असा की फूटभर खाली गेलं की पिवळसर चुनखडी लागते (हा पट्टा लक्षात ठेवा, पुढं येणार आहे). पिकं म्हणजे सोयाबीन, कापूस, तूर, आणि पाणी राहिलं तर हरभरा. ट्रॅक्टर ५० एचपीचा, टू व्हील ड्राइव्ह, मागचे टायर १४.९-२८. नांगर दोन फाळी, एकेक फाळ बारा इंची, म्हणजे एका तासाला (तास म्हणजे नांगराने पडणारी सरी, घड्याळातला नव्हे) दोन फूट रान उलटतं. वजन चार क्विंटलच्या आसपास. एक लाख दहा हजारात पडला, अनुदानाच्या भानगडीत पडलो नाही, घाई होती.

दुकानदार म्हणला, दादा हा नांगर बारा इंच जातो, दिवसाला दहा एकर काढतो, डिझेल कळतसुद्धा नाही. तीन वाक्यं, तिन्ही सुटी सुटी घेतली तर थोडीफार खरी आहेत, पण एकाच दिवशी एकाच ट्रॅक्टरवर तिन्ही खरी होत नाहीत, आणि हे त्यालाही माहीत होतं आणि खरं तर मलाही माहीत होतं, पण नवीन लोखंड बघितलं की माणसाचं डोकं चालत नाही.

पहिले दोन दिवस जोडणीतच गेले. पलटी नांगर घेणाऱ्याने हे गृहीतच धरावं. साध्या नांगरापेक्षा सेटिंग दुप्पट, कारण उजवीकडं पलटल्यावर जसा बसतो तसाच डावीकडंही बसला पाहिजे, नाहीतर एक तास आठ इंच आणि येताना सहा इंच, आणि रान पायऱ्या-पायऱ्यांचं दिसतं. त्यासाठी दोन्ही बाजूला स्टॉपरचे बोल्ट असतात, ते फिरवून नांगर सरळ उभा राहतो का ते तासात चाक घालून बघायचं, अंगणात सपाट जागेवर बघून उपयोग नाही. टॉप लिंक, म्हणजे नांगराला वरच्या बाजूने ट्रॅक्टरशी जोडणारा दांडा, आखूड केली की नांगराचं नाक खाली जातं आणि तो घुसतो, लांब केली की टाच टेकते आणि वर येतो. आमच्या ड्रायव्हरने पहिल्या दिवशी टॉप लिंक इतकी आखूड केली की नांगर नाकावरच चालत होता, मागचा फाळ हवेत, ट्रॅक्टर कण्हतोय, आणि हा म्हणतोय जमीनच कडक आहे. आणि पुढं वजनं लावा. चार क्विंटलचं लोखंड मागं उचललं की पुढची चाकं हलकी होतात, बांधावर वळताना स्टिअरिंग फिरतं पण ट्रॅक्टर सरळच जातो, मी एकदा विहिरीच्या कठड्यापासून चार हातांवर थांबलोय.

पलटी मारायचं काम मात्र मस्त. एक दांडा ओढला की सिलेंडर नांगर उलटा करतो, त्याच तासाला लागून परत यायचं. साध्या नांगराने रानाच्या मधे उंचवटा आणि कडेला खोल सरी राहायची, मग पावसाळ्यात त्या सरीत पाणी साचून चिबड व्हायचं, तो प्रकार बंद झाला. आणि उताराच्या रानात दोन्ही फेऱ्यांना माती चढाकडेच टाकता येते. आमच्याकडं उतार थोडा आहे पण वर्षानुवर्षं माती खालच्या बांधाकडेच टाकत आलोत, त्यामुळं वरच्या बाजूला काळी कमी होत गेली. त्या चुनखडीच्या पट्ट्याचं अर्धं कारण हेच असावं असं माझं मत.

आता मुद्द्याचं. पहिल्या हंगामात मी डोळे झाकून बारा इंच घातला. डिझेलचा हिशोब बघितला तर एकराला साडेअकरा-बारा लिटर. डिझेल तेव्हा नव्वदीच्या घरात होतं, म्हणजे एकराला हजार रुपये नुसतं जाळायलाच, वर ड्रायव्हर, घसारा, टायर वेगळे. भाड्याने नांगरून घेतलं असतं तर एकरी दोन हजार होते, मग मी नांगर घेऊन कमावलं काय? म्हणून पुढच्या वर्षी हरभरा निघाल्यावर फेब्रुवारीत, रानात थोडी ओल असतानाच, एकाच वावराच्या अर्ध्या-अर्ध्या एकराच्या चार पट्ट्या पाडल्या आणि एकाच दिवशी चार तऱ्हेने नांगरल्या. मोजायची पद्धत गावठीच. ट्रॅक्टर दरवेळी गोठ्यासमोरच्या त्याच फरशीवर उभा करायचा, टाकी तोंडापर्यंत भरायची, पट्टी संपली की परत तिथंच आणून मापाने डिझेल ओतून तोंडापर्यंत आणायची, जितकं ओतलं तितकं जळलं. स्पीड मोजायला वीस मीटरवर दोन काठ्या रोवल्या आणि मोबाइलच्या घड्याळात सेकंद मोजले. ७२ ला त्या सेकंदांनी भागलं की ताशी किलोमीटर निघतं, चौदा सेकंद लागले तर पाच किलोमीटर आणि थोडं वर. खोली गजाने, तासाच्या उभ्या कडेला गज टेकवून न नांगरलेल्या रानाच्या पातळीपर्यंत. हे महत्त्वाचं आहे, कारण उलटलेल्या फुगलेल्या मातीवरून मोजलं तर आठ इंचाचे बारा दिसतात, आणि भाड्याचे नांगरवाले नेमकं तिथूनच मोजून दाखवतात.

तर आठ इंच खोल आणि पाच किलोमीटरच्या स्पीडने अर्ध्या एकराला पावणेचार लिटर लागलं, एकरी साडेसात. तेच आठ इंच पण एक गिअर वर टाकून सात किलोमीटरने पळवलं तर चार लिटर आणि तीनशे मिली, म्हणजे एकरी साडेआठच्या वर. बारा इंच घातला तर पाचच्या वर स्पीड निघेचना, साडेचारवर रखडत गेला आणि अर्ध्या एकरात पावणेसहा लिटर खाल्लं. चौथी पट्टी मी मुद्दाम आमच्या ड्रायव्हरच्या पद्धतीने केली, म्हणजे खालचा गिअर, रेस फुल, आठ इंच, साडेतीन किलोमीटर. माझा अंदाज होता की हळू चाललाय म्हणजे डिझेल सगळ्यात कमी लागेल. लागलं चार लिटर. पाच किलोमीटरच्या पट्टीपेक्षा जास्त.

ही मोजणी काही प्रयोगशाळेतली नाही, पाव लिटर इकडंतिकडं होऊ शकतं, पण बारा इंचाचा आणि आठ इंचाचा फरक पाव लिटरचा नाही ना.

मग ह्याचं कारण शोधत बसलो. खोलीचा हिशोब सोपा आहे, कुणीही ओट्यावर बसून करू शकतो. एका एकरात एक इंच जाडीची माती म्हणजे शंभर घनमीटरच्या वर, वजनात साधारण १३० टन. म्हणजे आठाचे बारा इंच केले की एकराला पाचशे टन माती जास्त कापायची, उचलायची आणि उलटी करायची. ट्रॉलीत चार टन धरले तर सव्वाशे ट्रॉल्या. एवढं काम फुकट कोण करणार, डिझेलच करणार.

स्पीडचं गणित जरा फसवं आहे. अमेरिकेतल्या कृषी अभियंत्यांच्या संस्थेचं नांगराच्या ओढीचं एक प्रमाणित सूत्र आहे, त्यात खोली आणि रुंदीच्या प्रमाणात ओढ सरळ वाढते, पण स्पीडची वाढ वर्गाने धरलेली आहे. म्हणजे माती नुसती कापायला जेवढा जोर लागतो तो स्पीड कितीही असला तरी जवळपास तेवढाच, पण कापलेली माती बाजूला भिरकावायला जो जोर लागतो तो स्पीड दुप्पट केला की चौपट. भारी जमिनीचे आकडे घालून बघितलं तर माझ्या दोन फुटी नांगराला आठ इंचावर पाच किलोमीटरला साधारण ९८० किलोची ओढ येते, सात किलोमीटरला ११४० च्या आसपास, आणि आठाऐवजी बारा इंच घातला की पाच किलोमीटरलाच पावणेपंधराशेच्या घरात. त्या सूत्रातच लिहिलंय की खरी ओढ ४० टक्के खाली-वर होऊ शकते, तेव्हा आकड्यावर जाऊ नका, पण कुणाचं ओझं किती वाढतं ते बघा. स्पीडने थोडं वाढतं, खोलीने धाडकन वाढतं.

आणि हळू चालवून फायदा का नाही झाला? कारण इंजिनाचा स्वतःचा खर्च असतो. फुल रेसवर ते स्वतःच्याच घर्षणाला, पंख्याला, हायड्रोलिकच्या पंपाला डिझेल देत बसतं, आणि एकर निघायला तास जास्त लागला तर तो तास असा फुकट जातो. त्यापेक्षा एक गिअर वर आणि रेस थोडी कमी, इंजिन दबकत नसेल इतपत, ही चाल सगळ्यात स्वस्त. काळा धूर निघायला लागला किंवा रेस वाढवूनही आवाज वर येत नसला तर गिअर खाली घ्या, तिथं हट्ट करायचा नाही.

चाक घसरण्याचं मी आधी मनावरच घेतलं नव्हतं. मागच्या टायरवर चुन्याची रेघ मारली आणि नांगर वर उचलून दहा फेऱ्यांत किती अंतर जातं ते मोजलं, ४१ मीटर. आठ इंचाला त्याच दहा फेऱ्यांत ३६ मीटर गेला, म्हणजे बारा टक्के घसरण, एवढी चालते, दहा-पंधरा टक्क्यांच्या आत पाहिजे असं जाणकार सांगतात. बारा इंचाला ३१ मीटर भरलं. म्हणजे चाकाच्या दर चार फेऱ्यांतली जवळजवळ एक फेरी जागच्या जागी मातीत घासून गेली. टायरचा भाव माहीत आहे ना. आणि नुसता टायर नाही, ते चाक तासाच्या तळाशी घासतं, तळाची माती लिंपल्यासारखी गुळगुळीत होते, हे दुसऱ्या दिवशी तास उकरून बघितलं तेव्हा दिसलं. चाकात पाणी भरलं तर घसरण कमी होते हे खरं, आम्ही भरलंही, पण मग जमिनीवरचा दाब वाढतो. इकडं आड तिकडं विहीर.

मातीचं काय झालं ते डिझेलपेक्षा जास्त बघण्यासारखं होतं. साडेतीन किलोमीटरच्या पट्टीत माती उलटलीच नाही नीट, विटा उभ्या केल्यासारखी ढेकळं, आणि हरळी त्या विटांच्या डोक्यावर हिरवीगार, जणू तिला आम्ही फिरायला बाहेर काढलंय. सात किलोमीटरच्या पट्टीत ढेकूळ बारीक पडलं, बघायला छान, आजूबाजूच्यांनी त्याचंच कौतुक केलं, पण गज घातला तर कुठं आठ, कुठं सहा. जोरात पळवला की नांगर वर तरंगायला बघतो, माती लांब फेकतो आणि काडीकचरा धड गाडला जात नाही. पाचच्या पट्टीत ढेकळं मध्यम, नारळाएवढी म्हणा, हरळीच्या मुळ्या वर आणि धसकटं खाली. ढेकळांना मी घाबरत नाही. काळ्या रानात उन्हाळ्यात ढेकळं असलीच पाहिजेत, एप्रिल-मेच्या उन्हात ती तापतात, हुमणीच्या अळ्या आणि किडींचे कोष उघडे पडून बगळ्या-कावळ्यांच्या पोटात जातात, आणि वळवाच्या पहिल्या सडाक्याला ढेकूळ आपोआप फुटतं, विरघळल्यासारखं. ही काळ्या मातीची जातच आहे, भिजली की फुगते, वाळली की आकसून भेगा पाडते. जे काम पाऊस फुकट करतो त्यासाठी नांगराचा स्पीड वाढवायचा, आणि वर रोटाव्हेटरच्या दोन पाळ्या मारून पीठ करायचं, ते पीठ पहिल्या जोराच्या पावसात बसून पापुद्रा धरतं आणि सोयाबीन त्या पापुद्र्याखाली मान मोडून पडतं. हे आम्ही तीन वर्षं केलंय, दुबार पेरणीसकट.

आता तो चढाचा पट्टा. पहिल्या वर्षी बारा इंचाच्या हौसेत तिथली चुनखडी वर आली. नांगरल्यावर रान काळ्याऐवजी करडं-पिवळं दिसत होतं, मला वाटलं ऊन लागलं की काळं होईल. होत नाही. जुलैत सोयाबीन तेवढ्याच पट्ट्यात पिवळी पडली, पान पिवळं आणि शिरा हिरव्या, म्हणजे लोहाची कमतरता, चुनखडीच्या जमिनीत लोह असूनही पिकाला उचलता येत नाही. फेरस सल्फेटच्या फवारण्या केल्या, थोडी सावरली, पण त्या कोपऱ्याचा उतारा बाकीच्या रानाच्या निम्म्यावरच राहिला. जी माती खाली होती ती खाली असण्याला काही कारण होतं. तेव्हा खोल नांगरायच्या आधी कुदळीने दोन-तीन ठिकाणी दीड फुटाचे खड्डे घ्या, खाली काय आहे ते डोळ्यांनी बघा, अर्ध्या तासाचं काम आहे, मी ते पैसे गेल्यावर केलं.

खड्ड्यात अजून एक गोष्ट दिसली. सहा-सात इंचांखाली चार बोटं जाडीचा एक थर, कुदळ मारली की टणक आवाज. वर्षानुवर्षं रोटाव्हेटर आणि वरवरच्या पाळ्या एकाच खोलीवर चालवल्या, त्यात ट्रॅक्टरचं वजन, त्याने हा थर बसला. पराटीचं, म्हणजे कापसाच्या झाडाचं, एक मूळ काढून बघितलं तर सरळ खाली जाऊन त्या थरापाशी काटकोनात वळलेलं, पुढं आडवंच. मग ऑगस्टमध्ये पंधरा दिवस पाऊस उघडला की पीक माना टाकतं आणि आपण म्हणतो पाऊसच कमी. हा थर फोडायला खोल जावंच लागतं, तिथं मी खोल नांगरटीच्या विरोधात अजिबात नाही. पण ते तीन-चार वर्षांतून एकदा, आणि नुसता थर फोडायचा असेल तर सबसॉयलर बरा, तो माती उलटी करत नाही, खालची खालीच ठेवून तडे पाडतो, मात्र रान वाळलेलं असताना चालवावा लागतो, ओल्यात तो लोण्यात सुरी फिरवल्यासारखा जातो आणि मागं काही राहत नाही. मी शेजारगावातून भाड्याने आणला होता. आणि दरवर्षी नांगरणार असाल तर खोली थोडी बदलत राहा, एका वर्षी आठ तर पुढच्या वर्षी दहा, नाहीतर नांगरही स्वतःचा थर तयार करतोच. शिवाय नांगरताना एका बाजूची चाकं तासातच चालतात, म्हणजे फाळाच्या खालची माती दाबायला आपणच दोन टनांचं यंत्र फिरवतो, ह्यावर माझ्याकडं उत्तर नाही, ओल असताना रानात न जाणं एवढंच.

ओलीवरून आठवलं. फेब्रुवारीच्या त्या पट्ट्यांनंतर दुसरं एक वावर एप्रिलमध्ये नांगरलं, लग्नाच्या गडबडीत राहून गेलं होतं. तोच नांगर, तेच आठ इंच, तोच गिअर, आणि एकराला दहा लिटर. जमीन वाळून दगड झालेली, भेगा अशा की हात जातो, आणि नांगर माती कापत नव्हता, तोडत होता. ढेकळं म्हणजे पोत्याएवढी, त्यावरून बैल चालवायची सोय नाही. उलट दिवाळीच्या पावसानंतर शेजाऱ्याने घाई करून ओल्यात नांगर घातला, डिझेल कमी लागलं म्हणून खूश, पण त्याच्या रानात तासाच्या कडा आरशासारख्या चमकत होत्या आणि वाळल्यावर त्या पाट्या फुटेनात. म्हणजे वाफसा (नांगरायला हवी तेवढीच ओल) चुकला की बाकीची हुशारी वाया. बघायची युक्ती जुनीच आहे, सहा इंचांखालची मूठभर माती घ्या, लाडू वळा, कमरेएवढ्या उंचीवरून सोडा. फुटला तर नांगर घाला, चपटा झाला तर घरी जा, आणि लाडू वळतच नसेल तर तुम्हाला उशीर झालाय.

बाकी नांगराच्या तक्रारी. सिलेंडरचं ऑइल सील पहिल्याच महिन्यात गेलं, पलटी मारताना नांगर मधेच थांबायला लागला, दुकानदाराने बदलून दिलं पण चार दिवस लावले, आणि नांगरटीच्या सीझनमध्ये चार दिवस म्हणजे काय ते ज्याचं काम थांबलं त्यालाच कळतं. ग्रीस पॉइंट दोन अशा ठिकाणी आहेत की तिथं ग्रीसगन पोचतच नाही, डिझाइन करणाऱ्याने कधी स्वतः ग्रीस भरलं नसणार. रंग सहा महिन्यांत गेला, त्याचं काही नाही. फाळाची टोकं, म्हणजे बार पॉइंट, उलटी करून दोन्हीकडून वापरता येतात, पुढं सरकवताही येतात, ही सोय चांगली. काळ्या रानात दगड नसल्याने बऱ्यापैकी टिकली, पण चुनखडीच्या पट्ट्यात बघता बघता झिजली. टोक बोथट झालं की नांगर घुसत नाही आणि ओढ वाढते, मग ड्रायव्हर टॉप लिंक आखूड करतो, मग अजून ओढ, असं चक्र आहे, तेव्हा डिझेल अचानक वाढलं तर आधी फाळ बघा. गावातल्या वेल्डरकडून कडक रॉडचं वेल्डिंग चढवून घेतलं तर बरेच दिवस चालतं.

शिअर बोल्टबद्दल एकच सांगतो. तो तुटण्यासाठीच असतो. आमच्या मेव्हण्याने सारखा तुटतो म्हणून त्याच्या नांगराला हाय टेन्साइलचा बोल्ट घातला, मग खडकाला अडकल्यावर बोल्ट नाही तुटला, नांगराचा पाय वाकला. तीस रुपये वाचवले, नऊ हजार गेले.

आजोबा सांगायचे, त्यांच्या लहानपणी भारी रानात नांगराला चार-चार बैलजोड्या लागायच्या, एकट्याकडं तेवढी जनावरं नसायची म्हणून इर्जिक घालायचे, म्हणजे सगळे आपापले बैल घेऊन एकमेकांच्या रानात काम करायचे, आणि तरी दरवर्षी नांगरट नव्हतीच. वखरावरच भागायचं, नांगर तीन-चार वर्षांतून एकदा, हरळी-कुंदा माजला तर. ताकद नव्हती म्हणून असेल, पण रान आरामात होतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर काढला तेव्हा लोक म्हणायचे लोखंडाने जमिनीला विष बाधतं, घ्यायलाच तयार नव्हते. आता उलटं झालंय, जितकं लोखंड खोल तितकी शेती भारी. दोन्हीकडं माती न बघताच मत बनवलेलं.

आणि दुसऱ्या टोकाची माणसं पण आहेत. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांची एसआरटी पद्धत, एकदा गादीवाफे केले की पुढं नांगरायचंच नाही, आधीच्या पिकाची मुळं जमिनीतच कुजू द्यायची. मी गेल्या वर्षी दीड एकर तसं करून बघितलं सोयाबीनला, नांगरटीचं डिझेल शून्य, गांडुळं दिसायला लागली, तणनाशकाचा खर्च मात्र वाढला, आणि हरळी असलेल्या रानात मला ते जमेल असं वाटत नाही. यंदा ते तीन एकर करणार आहे. नांगराचा रिव्ह्यू लिहिताना हे लिहिणं जरा विचित्रच, पण ज्या रानाला नांगर नको त्यात तो फक्त दारात उभा आहे म्हणून घालू नये एवढं मला आता पटलंय.

घ्यावा का म्हणाल तर, स्वतःचं दहा एकराच्या आत असेल आणि भाड्याने फिरवणार नसाल तर घेऊ नका, पैसे निघत नाहीत, भाड्याने नांगरून घ्या आणि गज घेऊन बांधावर उभे राहा. ४५ एचपीच्या खालच्या ट्रॅक्टरला दोन फाळी बारा इंची भारी पडेल आमच्यासारख्या रानात, हलक्या मुरमाड रानात चालेल. मशीन म्हणून पाचपैकी चार देतो, एक मार्क त्या ऑइल सीलचा आणि ग्रीस पॉइंटचा कापला. दुकानदाराच्या दहा एकराचं काय झालं विचाराल तर पाचच्या स्पीडने, वळणं, चहा, बोल्ट धरून दिवसाला पाच-साडेपाच एकर निघतं, सहा म्हणजे डोक्यावरून पाणी.

भाड्याला जातो तेव्हा आता मी दर बदललाय. नऊ इंचांपर्यंत एकरी दोन हजार, त्याच्यापुढं इंचाला अडीचशे जास्त. पहिल्या वेळी लोक हसले, म्हणले नांगरट काय कापडासारखी मोजून विकतो का रे. एका घरचे आबा तर म्हणले, बारा इंचच लाव, मागच्या वर्षीचा नांगरवाला बाराच लावायचा. मी त्यांच्याच रानात, त्या मागच्या वर्षीच्या नांगरटीचा तळ कुठं लागतो ते गज खुपसून दाखवलं. साडेसहा भरलं. आबांनी गज माझ्या हातातून घेतला, अजून तीन ठिकाणी स्वतः खुपसला, आणि म्हणले, आठ लाव, पण मी मोजणार.